एनईएससाठी कबड्डीचा गेम: इम्युलेटरवर सुरळीत, घरच्या जुन्या ८ बिट मशीनवर स्क्रीन फाटतेय (आणि देवनागरीचंही विचारायचंय)

मिरजेचा_गडी

नमस्कार मंडळी. पोस्ट लांब होणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला काही कळणार नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

लहानपणी आमच्याकडे टीव्हीला लावायचा ८ बिटचा व्हिडिओ गेम होता, पिवळ्या कॅसेटवाला, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी असेल तसलाच. म्हणजे मुळात १९८३ साली जपानमध्ये निघालेल्या निन्टेंडो फॅमिकॉमची (जपानबाहेर तोच एनईएस) नक्कल, हे मला फार उशिरा कळलं. दीड वर्षापूर्वी माळा आवरताना तो सापडला. ॲडॅप्टर नवा घेतला, पिवळी-पांढरी वायर लावली आणि चालू झाला. त्या दिवशी ठरवलं की ह्या मशीनवर चालेल असा आपला स्वतःचा गेम करायचा, आणि तो कबड्डीचा करायचा, कारण इतक्या कॅसेट खेळलो पण त्यात कबड्डी कधी नव्हती.

सीसी६५ मधला सीए६५ असेंबलर वापरतोय, सगळं ६५०२ असेंब्लीत (मशीनच्या प्रोसेसरच्या भाषेत) लिहिलंय. मॅपर शून्य म्हणजे साधा एनरॉम, सगळ्यात साध्या कॅसेटचा बोर्ड, ३२ केबी प्रोग्रॅम आणि ८ केबी चित्रं. चित्रं वायवाय-सीएचआर मध्ये काढली. चाल फॅमिस्टुडिओत बसवून बघितली पण वाजवायचा कोड छोटासाच माझा मी लिहिलाय, सुरांचा तक्ताही स्वतः काढला. आपल्याकडे टीव्ही पाल पद्धतीचे (सेकंदाला ५० चित्रं) म्हणून इम्युलेटरमध्ये (लॅपटॉपवर मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) पहिल्या दिवसापासून पाल निवडून ठेवलंय आणि तिथे गेम अगदी लोण्यासारखा चालतो. चढाई ३० सेकंदांची, त्यासाठी १५०० फ्रेम मोजतो.

गेल्या आठवड्यात पुण्याच्या मित्राकडून ६० पिनांचं एव्हरड्राइव्ह (मेमरी कार्डावरचे गेम खऱ्या मशीनवर चालवणारी कॅसेट) चार दिवसांसाठी आणलं, गेम त्यात टाकला आणि खऱ्या मशीनवर लावला. मैदान दिसलं तेव्हा मी अक्षरशः उभा राहिलो. पण मग हे प्रकार सुरू झाले:

गुण मिळाला की मी वरचा गुणफलक पुन्हा काढतो, ५ ओळी, ३२ टाइल (८ बाय ८ पिक्सेलचे चौकोनी तुकडे) प्रत्येकी. नेमकं त्या क्षणी स्क्रीनचा वरचा भाग फाटतो आणि अख्खं मैदान एकदा खाली-वर उडी मारतं. इम्युलेटरवर असं एकदाही झालेलं नाही.

कधीकधी मशीन चालू केल्यावर गुण ० ऐवजी भलतंच काहीतरी दाखवतं, एकदा तर आकड्याच्या जागी चढाईपटूचा पाय आला. बंद करून पुन्हा चालू केलं की ठीक.

संगीत. वेग बरोबर आहे पण सूर चढा लागतोय. हे मला नाही, बाबांना कळलं. ते पेटी वाजवतात, शेजारच्या खोलीतून म्हणाले, "लॅपटॉपवर काळी एकमध्ये होतं ना रे, आता पांढरी दोनच्याही जरा वर गेलंय." मी म्हटलं मशीन जुनं झालंय, बाकी मला काही सुचलं नाही.

सातही पकडपटू साखळी करून एका ओळीत उभे राहिले की त्यातले तिघे-चौघे गायब होतात.

आणि शेवटचं, सध्या फलकावर मी इंग्रजी अक्षरं वापरलीत आणि ते मला अजिबात बघवत नाही. चढाई, पकड, लोण, बाद हे शब्द आपल्या लिपीत पाहिजेत. ८ बाय ८ च्या चौकोनात मात्रा-वेलांट्यांसकट हे कसं बसवायचं? कुणी केलंय का?

एव्हरड्राइव्ह रविवारी परत द्यायचंय, त्यामुळे जमेल तेवढं लवकर सांगा. ज्यांना बघायचं असेल त्यांना कोड पाठवतो.

---

नागपूरकर_भाऊ

भाऊ, असेंब्लीत एवढं केलं म्हणजे कमालच आहे. खऱ्या मशीनवर टाकायच्या आधी एकदा मेसेन इम्युलेटरच्या डीबगरमध्ये चालवून बघा, त्यात इव्हेंट व्ह्यूअर आहे, त्यात तुम्ही पीपीयूला (चित्र काढणाऱ्या चिपला) नेमकं कोणत्या ओळीवर लिहिता ते ठिपक्यांनी दिसतं. फाटण्याचं कारण तिथे दिसेल असं वाटते. मी स्वतः गेम बॉयवर जीबी स्टुडिओमध्ये काम करतो, तिथे हे सगळं टूलच सांभाळते त्यामुळे यापेक्षा जास्त खोलात मला सांगता येणार नाही. पण कबड्डी पूर्ण करा, मध्ये सोडू नका.

---

सोल्डर_आणि_चहा

गडी, तुझ्या बाबांना माझा नमस्कार सांग, कारण तुझ्या पोस्टमधली सगळ्यात कामाची माहिती त्यांनी दिलीय. सूर चढलाय पण वेग बरोबर आहे, ह्या एका वाक्यावरून तुझ्या मशीनमध्ये काय आहे ते कळतं आणि पहिला प्रॉब्लेमही त्यातच सुटतो. मशीन जुनं होऊन सूर चढत नाही, क्रिस्टल इतका सरकत नसतो.

तू पाल निवडलंस ते टीव्हीच्या बाबतीत बरोबर. पण निन्टेंडोचं अस्सल पाल मशीन वेगळं आणि पाल टीव्हीसाठी केलेली नक्कल वेगळी. अस्सल पाल एनईएसचा प्रोसेसर चालतो १.६६ मेगाहर्ट्झवर. अमेरिका-जपानच्या एनटीएससी टीव्ही पद्धतीचा १.७९ वर. आणि पाल टीव्हीसाठी बनलेल्या नकला, ज्यांना रशियातल्या प्रसिद्ध मशीनवरून सगळीकडे डेंडी टायमिंग म्हणतात, त्या १.७७ वर. म्हणजे चित्र सेकंदाला ५० पण प्रोसेसर जवळपास एनटीएससीच्या वेगाचा.

आता तुझा सुरांचा तक्ता घे. ४४० हर्ट्झच्या सुरासाठी तू नक्की २३५ लिहिलं असशील, कारण १६६२६०७ ला १६ गुणिले ४४० ने भागून एक वजा केला की तेच येतं. तोच २३५ आकडा १७७३४४८ च्या घड्याळावर वाजवला की येतात जवळजवळ ४७० हर्ट्झ. पेटीची एक पट्टी आणि वर थोडंसं. बाबा म्हणाले तंतोतंत तेच. तिथे २५१ पाहिजे. पूर्ण तक्ता ह्याच हिशोबाने नव्याने काढ.

आता फाटण्याचं. पीपीयूच्या मेमरीत लिहायला सुरक्षित वेळ म्हणजे व्हीब्लँक, हे तुला माहीतच आहे, चित्र काढून झाल्यावर एनएमआय (प्रोसेसरला मिळणारा इशारा) येतो आणि पुढचं चित्र सुरू व्हायच्या आत लिहून मोकळं व्हायचं. अस्सल पालवर हा वेळ ७० ओळींचा, म्हणजे साधारण ७४५० सायकल (प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके). ऐसपैस जागा. नकलेवर एकूण ओळी तेवढ्याच, ३१२, पण वाटणी वेगळी आहे. चित्राच्या २४० ओळी झाल्या की पीपीयू आणखी ५१ ओळी नुसता गप्प बसतो, प्रोसेसरला काहीच कळवत नाही, आणि मग २९१ व्या ओळीला एनएमआय देतो. तिथून पुढे तुझ्या हातात फक्त २० ओळी, म्हणजे सुमारे २२७० सायकल. असं करण्याचं कारण असं की मूळ गेम एनटीएससीच्या २० ओळींच्या हिशोबाने लिहिलेले होते, एनएमआय ते चित्राची पहिली ओळ हे अंतर तेवढंच राहिलं की ते गेम पाल टीव्हीवरही न बिघडता चालतात. नक्कल करणाऱ्यांनी हे फार विचाराने केलंय, मला त्या लोकांबद्दल मनापासून आदर आहे.

तुझा हिशोब लावू. स्प्राइटचं (हलणाऱ्या चित्रांचं) डीएमए, म्हणजे त्यांची यादी पीपीयूकडे पाठवणं, ५१३ सायकल. मग १६० बाइट. तुझं लूप बहुतेक असं असणार: एलडीए ४, एसटीए ४, आयएनएक्स २, सीपीएक्स २, बीएनई ३, म्हणजे बाइटमागे १५. १६० गुणिले १५ म्हणजे २४००. एकूण २९०० च्या वर गेलास. पालच्या ७४५० मध्ये हे सहज बसतं म्हणून इम्युलेटर गप्प होता. २२७० मध्ये नाही बसत, म्हणजे शेवटचे चाळीसेक बाइट तू चित्र काढणं सुरू झाल्यावर लिहितोयस. पीपीयूच्या $२००६ आणि $२००७ ह्या पत्त्यांना त्या वेळी हात लावला की स्क्रोलचा आतला पत्ताच हलतो, म्हणून मैदान उडी मारतं.

उपाय सोपा आहे. अख्खा फलक परत काढूच नकोस, बदलतात ते फक्त आकडे, दोन संघांचे मिळून चार टाइल. तेवढेच लिही. लोण पडल्यावर पूर्ण फलक बदलायचा असेल तर एका फ्रेमला दोन ओळी, ६४ बाइट म्हणजे ९६० सायकल, तीन फ्रेममध्ये काम झालं, डोळ्याला कळणारही नाही. आणि लिहून झालं की $२००५ ला दोनदा लिहून स्क्रोल परत जागेवर आणायला विसरू नको.

गुणाच्या जागी पाय आला ते वेगळं. मशीनच्या २ केबी रॅममध्ये चालू करताना काय असेल ह्याची काही खात्री नसते. इम्युलेटर दर वेळी एकाच ठरावीक पद्धतीने भरून देतो म्हणून तिथे चूक लपते. रीसेटमध्ये आधी एका व्हीब्लँकची वाट बघ, मग अख्खी रॅम शून्याने पुसून काढ, मग दुसऱ्या व्हीब्लँकची वाट बघ आणि त्यानंतरच पीपीयूला हात लाव. पीपीयूला जागं व्हायला तेवढा वेळ लागतो, त्याआधी केलेलं काही लिखाण तो घेतच नाही. मेसेनमध्ये सुरुवातीची रॅम रँडम ठेवायची सोय आहे, ती कायम चालू ठेव.

आणि इम्युलेटरमध्ये रीजन डेंडी कर. मेसेनमध्येही आहे, एफसीईयूएक्समध्येही आहे. आत्ताच्या आत्ता करून बघ, लॅपटॉपवरसुद्धा तस्संच फाटायला पाहिजे. फाटलं तर माझं निदान बरोबर. मशीन उघडलंस आणि आत सुट्या मोठ्या चिप असल्या तर त्यावरचे नंबर वाच, यूए६५३८ दिसला तर तो पाल नकलेचा पीपीयू. काळा डांबरासारखा ठिपका (त्याखाली चिप गाडलेली असते) असेल तर वाचायला काही नाही, पण लक्षणं पुरेशी आहेत.

एक राहिलं. अशा बऱ्याच नकलांमध्ये चौकोनी लहरीच्या २५ टक्के आणि ५० टक्के ड्यूटीची (लहर किती वेळ वर राहते त्याची) अदलाबदल झालेली असते. म्हणजे तक्ता दुरुस्त केल्यावरही आवाजाचा पोत वेगळा वाटला तर कोडमध्ये चूक शोधत बसू नको.

---

राखीव_खेळाडू

साखळीबद्दल मी सांगतो, गेम मी फारसे केले नाहीत पण कबड्डी शाळेपासून खेळलोय त्यामुळे दोन्ही बाजूंनी बघतोय.

एका आडव्या ओळीवर ८ पेक्षा जास्त स्प्राइट हे मशीन दाखवत नाही. तुमचा खेळाडू १६ पिक्सेल रुंद असणार म्हणजे एकाला दोन स्प्राइट, सात जणांचे चौदा, वर चढाईपटूचे दोन. चौघांच्या पुढचे गायब होणारच. एकूण ६४ ची मर्यादा वेगळी, त्यात तुम्ही बसत असाल.

नेहमीचा उपाय म्हणजे ओएएममधला (स्प्राइटच्या यादीतला) क्रम दर फ्रेमला फिरवायचा, म्हणजे प्रत्येक वेळी वेगळा खेळाडू गायब होतो आणि डोळ्याला सगळेच दिसतात, फक्त लुकलुकतात. सेकंदाला ५० चित्रांवर ही लुकलुक जरा जास्त जाणवते. मात्र चढाईपटूला ह्या फेऱ्यातून वगळा, त्याला कायम अगदी पहिल्या जागांवर ठेवा, कारण ज्याचा नंबर आधी तो आधी काढला जातो. खेळणाऱ्याला स्वतःचा माणूस एका फ्रेमलाही दिसेनासा झालेला चालत नाही.

पण माझं म्हणणं असं आहे की मुळात सात जण सरळ रेषेत उभे का केलेत? खऱ्या मैदानावर असं कोण उभं राहतं? साखळी नेहमी कमानीत असते. कोपरारक्षक एका खोलीवर, त्याच्या शेजारचा वेगळ्या खोलीवर, मधला आणखी वेगळ्या. निदान रेषा आणि बोनस रेषा ह्यांच्या मागे-पुढे सगळे सारखे हलत असतात. मैदान तुम्ही आडवं धरलंय की उभं माहीत नाही, उभं असेल तर प्रत्येकाच्या उंचीत फरक टाका, २४ पिक्सेल उंच खेळाडू असेल तर तीन कोपऱ्याकडचे खाली, मधले वर असं करून एका ओळीवर चारपेक्षा जास्त येणारच नाहीत अशी मांडणी बसते. चढाईपटूही त्या ओळींवर आला तेव्हाच थोडी लुकलुक होईल, तेवढी चालेल. मशीनची अडचण आहे म्हणून नव्हे, खेळही तसाच दिसतो म्हणून करा.

मॉर्फकॅटवाल्यांचा मायक्रो मेजेस हा गेम (२०१९) बघा, तुमच्याच एनरॉमवर ४० केबीत चार जण एकत्र खेळतात, त्यांनी हिरो एकाच ८ बाय ८ च्या टाइलमध्ये बसवलेत. तुम्ही तेवढे छोटे करू नका, कबड्डीत हात-पाय दिसायला पाहिजेत, पण टाइल वाचवायची नजर त्यातून शिकता येते.

---

ठिपक्यांची_ताई

देवनागरीसाठी मी थांबले होते. मी प्रोग्रॅमर नाही, माझा नवरा ह्या कन्सोलसाठी गेम करतो आणि त्याची अक्षरं-चित्रं मी काढते. आधी बरीच वर्षं आलेखाच्या कागदावर क्रॉस स्टिचचे नमुने काढायचे, त्यामुळे चौकोनात अक्षर बसवायची सवय होती.

पहिली गोष्ट, सगळा फाँट करायच्या भानगडीत पडू नकोस दादा. सगळी अक्षरं, मात्रा, जोडाक्षरं धरली तर २५६ टाइलमध्ये पार्श्वभूमीला काही उरणारच नाही. तुला शब्द किती लागतात? चढाई, पकड, लोण, बाद, गुण, वेळ. सहा. प्रत्येक शब्द म्हणजे एक छोटं चित्र समज. २४ पिक्सेल रुंद आणि १६ उंच काढ, त्याचे ६ टाइल होतात, सहा शब्दांचे ३६, आणि शिरोरेघेचे, रिकामे असे तुकडे सारखे निघतात ते एकदाच ठेवायचे म्हणजे आणखी कमी होतात. चढाई तेवढी २४ मध्ये कोंडल्यासारखी वाटेल, तिला ३२ दे.

आपल्या लिपीचा इथे एक मोठा फायदा आहे जो मला खूप आवडतो. शिरोरेघ. प्रत्येक टाइलमध्ये ती एकाच उंचीवर डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत काढली की शेजारी-शेजारी ठेवलेले टाइल आपोआप जोडले जातात, चौकोन दिसतच नाहीत. ८ बाय ८ मधला माझा ग असा आहे:

########
..#...#.
..#...#.
..#...#.
###...#.
##....#.
......#.
........

खालची ओळ मोकळी सोडलीय कारण तिथे गु चा उकार नाही बसत, तो हवा असेल तर खालच्या टाइलमध्ये जावं लागतं. म्हणूनच म्हणते शब्दांसाठी १६ उंची घे. वरच्या ३ ओळी मात्रा आणि वेलांटीला, चौथी ओळ शिरोरेघ, त्याखाली ८ ओळी अक्षर आणि शेवटच्या ४ उकाराला. आकड्यांना मात्र मात्रा-वेलांटी काही नाही, ० ते ९ एकेका टाइलमध्ये सुंदर बसतात. फक्त १ आणि ९ ह्यांची गाठ वेगळी दिसेल एवढं बघ, टीव्हीवर ते एकसारखे दिसायला लागतात.

खरी कसोटी आहे तुझ्या गेमच्या नावातच. कबड्डी मधला ड्ड. एकाखाली एक काढायचा तर दोन ड ला शिरोरेघेखाली १२ ओळी, म्हणजे प्रत्येकी ६. सहा ओळीत ड निघतो, पण गाठ दाबली जाते. पाय मोडून ड् आणि मग डी असं लिहिलं तर सोपं जातं पण ते शाळेच्या फळ्यावरचं कबड्डी वाटत नाही. शीर्षकाच्या पडद्यावर तुला जागा आहे, तिथे ३२ उंच काढ आणि ड्ड एकाखाली एकच काढ, वरचा ड थोडा छोटा, खालचा मोठा, आणि वेलांटी दोघांनाही कवेत घेणारी.

रंगाचं लक्षात ठेव, पार्श्वभूमीत १६ बाय १६ च्या चौकोनाला एकच पॅलेट (रंगांचा संच) मिळतं. त्यामुळे शब्द त्या सोळाच्या जाळीवर सुरू कर, नाहीतर लोण चा अर्धा ण मैदानाच्या मातीच्या रंगात जाईल. आमच्याकडे झालं होतं.

आणि एक, काळ्यावर पांढरं अक्षर जुन्या टीव्हीवर कडेला रंग सोडतं, उभ्या रेघा एक पिक्सेल रुंद असल्या की जास्तच. कान्याच्या उभ्या रेघा शब्दांमध्ये दोन पिक्सेल जाड ठेव.

---

जर्सीतला_पुणेकर

मी न्यू जर्सीत आहे, माझ्याकडे इथलं एनटीएससी एनईएस आहे, ७२ पिनवालं. गड्याने कोड पाठवला तो चालवून बघितला. मैदान दिसलं आणि माझी आठ वर्षांची मुलगी विचारते हे लोक एकमेकांना का धरतायत, मग तिला समजावून सांगता सांगता अर्धा तास गेला.

इथे सेकंदाला ६० चित्रं असल्यामुळे सगळं पळतंय, १५०० फ्रेमची चढाई २५ सेकंदात संपते. तिन्ही प्रकारच्या मशीनवर चालायला हवा असेल तर सुरुवातीला दोन व्हीब्लँकच्या मधला वेळ मोज. एनटीएससीला फ्रेममध्ये साधारण २९७८० सायकल, पालला ३३२४७, डेंडीला ३५४६४. एक मोजणीचं लूप लावलं की तिघांचे आकडे स्पष्ट वेगळे येतात, त्यावरून चढाईला १५०० की १८०० फ्रेम आणि सुरांचा कोणता तक्ता ते ठरव. तसाही रीसेटमध्ये तुला दोन व्हीब्लँक थांबायचंच आहे, तिथेच मोजून होईल.

---

मिरजेचा_गडी

मंडळी, काय लिहू. कालची रात्र झोपलो नाही.

सोल्डरदादा, तुमचं वाचल्यावर पहिल्यांदा मेसेनमध्ये रीजन डेंडी केलं आणि पहिल्याच गुणाला लॅपटॉपवर मैदानाने तीच उडी मारली. इतके महिने ही चूक माझ्या समोर बसलेली होती आणि मला दिसत नव्हती. आता फक्त चार टाइल लिहितो. लोणला तीन फ्रेम. मशीनवर तासभर खेळलो, एकदाही फाटलं नाही. रॅम पुसून घेतली, वीस वेळा बंद-चालू करून बघितलं, वीसही वेळा शून्यच. मशीन उघडलं, आत ठिपकाच आहे.

सुरांचा तक्ता नवीन काढला आणि बाबांना काही न सांगता चालू केलं. त्यांनी पेटी काढली, काळी एक धरली आणि शीर्षकाची अख्खी चाल बरोबरीने वाजवली. नंतर म्हणाले आवाज मात्र आधीपेक्षा भरीव वाटतोय, तर ते ड्यूटीच्या अदलाबदलीचं. ती मी दुरुस्त करणार नाहीये, त्यांना हाच आवडला.

कमानीचं राखीवदादांचं म्हणणं शंभर टक्के पटलं. मैदान उभंच आहे. कोपरारक्षक खाली घेतले, मधले तिघे वर, आणि आता ते खरंच घेरतायत असं वाटतं. आधी रांगेत प्रार्थनेला उभे राहिल्यासारखे दिसायचे.

आता पुढचा प्रश्न. एव्हरड्राइव्ह परत गेलं. मला हा गेम खऱ्या कॅसेटमध्ये घालायचाय, एकच कॅसेट, घरासाठी. कुठून सुरू करू?

---

सोल्डर_आणि_चहा

जुनी कॅसेट शोध, पण आतून बघून घे. आपल्याकडच्या स्वस्त कॅसेटपैकी बहुतेकांत तोच काळा ठिपका असतो, ती बदलता येत नाही. जिच्यात पाय असलेल्या दोन सुट्या चिप आहेत अशी एखादी एकाच गेमची साधी कॅसेट मिळाली तर सोनं. रविवारच्या जुन्या बाजारात हातात घेऊन बघ, वजनाला जरा जड लागतात.

चिप म्हणून डब्ल्यू२७सी५१२ घे दोन. विजेनेच पुसता येते, अतिनील दिव्याची गरज नाही, टीएल८६६ सारख्या प्रोग्रॅमर यंत्रावर लिहिली जाते. ती ६४ केबीची आहे, तुझा प्रोग्रॅम ३२ चा, म्हणून तीच फाइल दोनदा लागोपाठ लिही. चित्रांची ८ केबीची फाइल आठ वेळा. मग वरच्या पत्त्याच्या पिना कुठेही जोडल्या गेल्या तरी डेटा तोच मिळतो. पण त्या पिना टांगत्या ठेवू नको, जमिनीला नाहीतर ५ व्होल्टला बांध. जुन्या चिपचा पिनआउट (कोणती पिन कशाची त्याचा नकाशा) आणि ह्या चिपचा पिनआउट कागदावर शेजारी-शेजारी काढ, जिथे जुळत नाही तिथे पिन वर उचलून वायर टाक. सॉकेट बसव, थेट सोल्डर करू नको, कारण पहिल्या वेळी चूक निघतेच आणि चिप परत काढावी लागते.

बोर्डवर एक छोटी सोल्डरची जागा असते मिररिंगसाठी (स्क्रीनबाहेर तेच चित्र कुठल्या दिशेने पुन्हा येतं), आडवं की उभं. तुझी स्क्रीन स्क्रोल होत नाही त्यामुळे आत्ता फरक पडणार नाही, पण फाइलच्या हेडरमध्ये जे आहे तेच बोर्डवर ठेव.

---

ठिपक्यांची_ताई

कॅसेटला वरचा स्टिकर कोण करणार आहे? मला करायला आवडेल. मापं पाठव.

---

मिरजेचा_गडी

ताई, तुम्हीच करा, अजून काय पाहिजे. मापं संध्याकाळी घेऊन पाठवतो. शीर्षक तुम्ही सांगितलं तसं ३२ उंच काढलं, ड्ड एकाखाली एक, वेलांटी दोघांवरून. आईने टीव्हीवर लांबून वाचलं, चष्म्याशिवाय. लोण मधल्या ण च्या पहिल्या दोन दांड्या मात्र टीव्हीवर एकमेकीत मिसळतायत, मधे एक पिक्सेलची फट आहे ती दोनची करून बघतो.